शाळेची भोजनसेवा : ताटात काय येते आणि त्याचे उत्तर कोण देते

बडोद्याच्या कारेलीबाग भागातील एका खासगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर, जूनमध्ये, दुपारच्या जेवणाची सेवा सुरू झाली. जेवण शाळेत शिजत नाही. शहराच्या कडेला स्वयंपाकघर असलेला एक पुरवठादार ते तयार करून आणतो आणि शाळा जागा, वेळ व पैशांची वसुली एवढे पाहते. माझी मुलगी तेथे चौथीत आहे. आम्ही दोघेही नोकरी करतो, व्हॅन सकाळी लवकर येते, आणि पहाटे उठून पोळी-भाजीचा डबा करण्याचे काम गुडघेदुखीने बेजार असलेल्या सासूबाईंवर टाकणे आम्हाला योग्य वाटत नव्हते. त्यामुळे पहिल्या सत्रासाठी आम्ही नाव नोंदवले. शाळेचे आणि पुरवठादाराचे नाव येथे देत नाही, कारण याच पद्धतीची व्यवस्था बडोद्यातील इतरही खासगी शाळांत आहे आणि मला जे म्हणायचे आहे ते त्या साऱ्यांच्या पालकांनी वाचावे अशी इच्छा आहे. चव, स्वच्छता आणि दर यांच्याबरोबर मी आणखी एक गोष्ट तपासली: मुलाच्या ताटात अमुक पदार्थ का आला आणि तमुक का आला नाही, हे विचारायला गेल्यावर उत्तर कोण देते.

दर महिन्याला एकोणीसशे रुपये आहे आणि तो पूर्ण सत्राचा एकदम भरावा लागतो. मूल सलग पाच दिवस गैरहजर असेल तरच त्या दिवसांचे पैसे पुढच्या सत्रात वळते होतात. सकाळच्या नास्त्याचा छोटा डबा घरूनच द्यायचा असतो. सेवा फक्त दुपारच्या जेवणाची आहे. बडोद्यात स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंचा पगार आणि किराण्याचे भाव पाहता हा दर मला अवाजवी वाटत नाही, आणि दराविषयी माझी तक्रारही नाही.

आता जेवणाविषयी. सोमवारी दाळ-भात, रोटली आणि शाक (भाजी), मंगळवारी राजमा किंवा छोले व भात, बुधवारी खिचडी-कढी, गुरुवारी सेव उसळ व पाव, शुक्रवारी पावभाजी किंवा पास्ता. रोज काकडी-गाजराचे कचुंबर आणि ताक असते. कागदावर हे वेळापत्रक चांगले दिसते आणि त्यातील काही पदार्थ प्रत्यक्षातही चांगले असतात. बुधवारची खिचडी मऊ असते, तिच्यात मुगाची सालाची डाळ हात राखून घातलेली नसते, आणि कढी फुटलेली किंवा आंबट झालेली मी कधी पाहिली नाही. ताक पातळ असले तरी ताजे असते. मंगळवारचा राजमा पूर्ण शिजलेला असतो. राजमा अर्धवट शिजला तर मुलांना उलट्या होऊ शकतात, म्हणून या पदार्थाकडे मी विशेष लक्ष ठेवले होते. शाळेने प्रत्येक पालकाला सत्रातून एकदा मुलांसोबत बसून जेवण्याची मुभा दिली आहे आणि ही मुभा सर्वांनी जरूर वापरावी, कारण घरी मुलांना विचारून कळते त्यापेक्षा त्या एका बैठकीत पुष्कळ अधिक कळते.

सोमवारच्या दाळीबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहावे लागेल. गुजराती दाळीत गूळ असणारच, आणि आमच्या घरच्या आमटीतही चिंच-गुळाचा अंश असतो. त्याला माझी हरकत नाही. परंतु या दाळीत गूळ इतका असतो की तिची गोडी जेवण संपल्यावरही तोंडात राहते, आणि डाळ मात्र वाटीच्या तळाशी शोधावी लागते. मुलांना ती आवडते, कारण ती गोड आहे. नऊ वर्षांच्या मुलीला दिवसाला सुमारे तेवीस ग्रॅम प्रथिने लागतात असे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात आहे. जे घर मांसाहार करत नाही आणि जेथे अंडेही शिजत नाही, तेथे त्यातील मोठा भाग डाळ, कडधान्य आणि दूध-दही यांतूनच यायचा असतो. दुपारच्या वाटीतली डाळ पातळ झाली तर तिची भरपाई रात्रीच्या जेवणात होईल असे धरून चालता येत नाही. दिवसभर दमलेले मूल रात्री दोन घास खाऊन झोपते.

सोमवारची भाजी तीन आठवड्यांपैकी दोनदा तरी बटाट्याची असते, कधी वाटाण्याबरोबर, कधी कोबीबरोबर. पालेभाजी माझ्या पाहण्यात आणि मुलीच्या सांगण्यात फारच क्वचित आली. बडोद्याच्या खंडेराव मार्केटमध्ये पावसाळ्याच्या अखेरीपासून मेथी, पालक, तांदळजा यांचे ढीग लागतात; हिवाळ्यात तर हिरव्या भाज्या आणि हिरवी तुवेर यांनी बाजार भरून वाहतो. या शहरात पुरवठादाराला पालेभाजी मिळत नाही असे कोणी म्हणू शकणार नाही. ती निवडायला, तीन-चार पाण्यांतून धुवायला माणसे लागतात, हे खरे कारण आहे, आणि पुरवठादाराच्या व्यवस्थापकांनी ते मला मोकळेपणाने सांगितलेही. देशात २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ एक चतुर्थांश मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तेव्हा पालेभाजी, मोड आलेली कडधान्ये आणि त्यांच्यासोबत लिंबाची फोड, इतकी साधी गोष्ट आठवड्यातून दोनदा ताटात यावी ही अपेक्षा मोठी नाही. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे वनस्पतिजन्य लोह शरीरात अधिक शोषले जाते, आणि लिंबू चिरायला फार माणसे लागत नाहीत.

गुरुवारची सेव उसळ ही या सेवेतील सर्वांत लोकप्रिय गोष्ट आहे, आणि बडोद्यात ते स्वाभाविकच आहे. या शहरात वाढलेल्या मराठी आणि गुजराती दोन्ही घरांतील मुलांना तिचे नाव काढले तरी भूक लागते. शाळेत येते ती उसळ पांढऱ्या वाटाण्याची असते, तिखट बेताचे असते आणि वर कांदा-कोथिंबीर व्यवस्थित असते. अडचण प्रमाणाची आहे: वाटीभर उसळीवर मूठभर तळलेली सेव आणि बरोबर मैद्याचे दोन पाव. उसळ दुप्पट, सेव चिमूटभर आणि पाव एक, एवढा बदल केला तर हेच जेवण आठवड्यातील सर्वांत सकस ठरेल. मोड आलेली मटकी किंवा मूग आलटून-पालटून वापरले तर अधिकच उत्तम. मुलांना ज्याची ओढ आहे असा पदार्थ हाताशी असताना त्याच्यातूनच चांगले पोषण देण्याची संधी वाया जाते, याचे मला सर्वांत जास्त वाईट वाटते.

रोटल्या यंत्रावर होतात आणि झाकणबंद डब्यातून आल्यामुळे वाफेने ओलसर व चिवट होतात. लहान मुलांना त्या तोडता येत नाहीत. पहिली-दुसरीची मुले रोटली टाकून फक्त भात खातात, हे मी जेवायला बसले त्या दिवशी स्वतः पाहिले. शुक्रवारच्या पास्त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही. तो नसता तरी चालले असते.

स्वयंपाकघर पाहण्याची परवानगी मागितली तेव्हा पुरवठादाराने आढेवेढे घेतले नाहीत, ही त्याच्या बाजूची मोठी गोष्ट आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना दर्शनी भिंतीवर होता. भाज्या धुण्याची जागा आणि शिजवण्याची जागा वेगळी होती, काम करणाऱ्या बायकांच्या डोक्याला टोप्या होत्या, आणि प्रत्येक पदार्थाचा नमुना तारीख लिहून फ्रिजमध्ये ठेवलेला होता. गरम अन्न साठ अंश सेल्सियसच्या वर ठेवायचे असते. डबे निघताना तेथील एक ताई प्रत्येक डब्यात तापमापी घालून आकडा वहीत लिहीत होत्या. शाळेत ताटे स्टीलची आहेत, प्लॅस्टिकचे काही वापरले जात नाही. शेंगदाणा तेल वापरतो असे सांगण्यात आले. मी पाहिलेले डबे तरी त्याचेच होते. स्वच्छतेच्या बाबतीत मी या सेवेला निःशंकपणे पूर्ण गुण देईन. घरच्या डब्यात सकाळी सहाला भरलेली भाजी बडोद्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात बारा वाजेपर्यंत कशी होते हे आठवले, तर ताज्या गरम जेवणाची सोय ही लहान बाब नव्हे.

पण मूल जेवते किती, हे या व्यवस्थेत कोणालाच माहीत नसते. जेवणाची सुट्टी पंचवीस मिनिटांची आहे. त्यात हात धुणे, रांग, वाढून घेणे आणि ताट ठेवणे हे सर्व धरले तर बसून खाण्यासाठी जेमतेम बारा-तेरा मिनिटे उरतात, आणि जेवण झाल्याबरोबर मैदानावर सोडतात. खेळायला मिळणार असेल तर आठ-नऊ वर्षांचे मूल ताट अर्धे टाकून पळते. त्यात मुलाचा दोष नाही. मैदान आधी आणि जेवण नंतर, एवढा क्रम बदलला तरी भुकेलेली मुले शांतपणे बसून जेवतील असे मला मनापासून वाटते. उरलेले अन्न एका पिंपात जाते. ते मोजले जात नाही, कोणत्या दिवशी कोणता पदार्थ जास्त उरला याची नोंद होत नाही, आणि त्यामुळे मेन्यू सुधारण्यासाठी जी माहिती रोज फुकट हाती येते ती रोजच पिंपात जाते.

मुलांच्या आहारतज्ज्ञांमध्ये जबाबदारीची एक वाटणी बऱ्याच काळापासून रूढ आहे: काय, कधी आणि कुठे खायला द्यायचे हे मोठ्यांनी ठरवायचे, आणि त्यातले खायचे का व किती खायचे हे मुलाने ठरवायचे. मला ही वाटणी पटते, कारण तिच्यात मुलावर जबरदस्ती नाही आणि मोठ्यांना पळवाटही नाही. घरचा डबा असेल तेव्हा मोठ्यांचा सारा वाटा आई-वडिलांकडे असतो. शाळेची सेवा घेतली की ‘काय’ हे पुरवठादाराकडे जाते, ‘कधी’ आणि ‘कुठे’ शाळेकडे जाते, आणि पालकांच्या हातात पावती राहते. निर्णय ज्यांच्याकडे गेला त्यांच्याकडे जबाबदारीही जायला हवी. प्रत्यक्षात तसे होत नाही.

गूळ आणि पालेभाजी या दोन गोष्टी घेऊन मी प्रथम पुरवठादाराच्या व्यवस्थापकांकडे गेले. ते म्हणाले, “बेन, मेन्यू तुमच्या पालक समितीनेच पास केलेला आहे. मुलं खातील तेच आम्ही देतो.” शाळेच्या समन्वयक बाई मराठीच आहेत, त्या अतिशय आपुलकीने बोलल्या, पण म्हणाल्या, “ताई, जेवण बाहेरून येतं. शाळा फक्त सोय करून देते.” पालक समितीतील एका भाईंनी सांगितले की समितीपुढे पदार्थांची नावे आली होती, प्रमाण किंवा घटक आलेच नव्हते, आणि मुले तक्रार करणार नाहीत असा मेन्यू असावा एवढीच चर्चा झाली. तिघांपैकी कोणीही खोटे बोलत नव्हते. तिघांनाही मुलांचे बरे व्हावे असेच वाटत होते. तरीसुद्धा दाळीतला गूळ कमी करणे हे नेमके कोणाचे काम, हे त्या तिघांच्या उत्तरांतून मला कळले नाही.

येथे सरकारी शाळांतील व्यवस्थेशी तुलना करावीशी वाटते. गुजरातने स्वतःची मध्याह्न भोजन योजना १९८४ मध्ये सुरू केली. देशपातळीवरची योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी आली, आणि २८ नोव्हेंबर २००१ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेले जेवण देणे राज्यांवर बंधनकारक केले. २०२१ पासून तिचे नाव पीएम पोषण असे आहे. या योजनेत प्राथमिकच्या मुलाच्या ताटात किती काय हवे हे वजनासह लिहिलेले आहे: धान्य शंभर ग्रॅम, डाळ वीस ग्रॅम, भाजी पन्नास ग्रॅम, तेल-तूप पाच ग्रॅम, आणि त्यातून ४५० किलोकॅलरी ऊर्जा व १२ ग्रॅम प्रथिने. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी हे आकडे ७०० किलोकॅलरी आणि २० ग्रॅमपर्यंत जातात. जेवण वाढण्यापूर्वी ते मोठ्या माणसांनी, त्यातही किमान एका शिक्षकाने, चाखून पाहायचे असते. २०१५ च्या नियमांनुसार काही कारणाने जेवण मिळाले नाही तर मुलाला त्याऐवजी धान्य आणि पैसे द्यावे लागतात, तेही पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत. सलग तीन दिवस किंवा महिन्यातून पाच दिवस जेवण चुकले तर राज्य सरकारने जबाबदारी निश्चित करायची, असे त्यात शब्दशः आहे. देखरेखीचे काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे आणि तिच्यात पालकांचा वाटा मोठा असतो.

हे सर्व प्रत्येक सरकारी शाळेत जसेच्या तसे पाळले जाते असा माझा दावा नाही. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील जेवणाने तेवीस मुले दगावली, ती आठवण कोणाच्याही मनातून जाणार नाही. परंतु पैसे न भरणाऱ्या मुलाच्या ताटातील डाळीचे वजन कागदावर आहे, त्याच्या आईला ते विचारण्याचा हक्क आहे आणि उत्तर देणारा ठरलेला आहे. आणि महिन्याला एकोणीसशे रुपये भरणाऱ्या आम्हा पालकांच्या करारात डाळीचे वजन नाही, जेवण चाखणाऱ्याचे नाव नाही, आणि तक्रार कोणाकडे करायची तेही नाही. ज्या संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि मुलाला शाळेत आणण्याची जबाबदारी राज्याची मानली, त्या बडोद्यातील शाळांकडून शाळेच्या आवारातील जेवणाबाबत एवढी स्पष्टता मागणे गैर ठरू नये.

खासगी शाळांना नियम नाहीत असेही नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे शाळकरी मुलांच्या सुरक्षित व समतोल आहारासंबंधीचे विनियम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले. संपृक्त चरबी, ट्रान्स फॅट, वरून घातलेली साखर किंवा मीठ ज्यांत जास्त आहे असे पदार्थ शाळेच्या कॅन्टीनमध्ये, भोजनगृहात किंवा वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात विकायचे नाहीत, आणि शाळेच्या फाटकापासून कोणत्याही दिशेला पन्नास मीटरच्या आतही विकायचे नाहीत, असे त्यांत आहे. शाळेच्या आवारातील अन्नाबाबत हे विनियम शाळेच्या प्रशासनालाच उत्तरदायी धरतात. म्हणजे ‘जेवण बाहेरून येते’ हे उत्तर कायद्यालाही मान्य नाही.

आणि इथेच या सेवेतील माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर दोष आहे. भोजनगृहाच्या दाराशी एक काउंटर आहे, तो त्याच पुरवठादाराचा आहे, आणि तेथे वेफर्स, क्रीमची बिस्किटे, तळलेले फरसाण आणि थंड पेये मिळतात. जेवणाच्या रांगेतून बाहेर पडणारे प्रत्येक मूल त्याच्यासमोरून जाते. ताटात जे उरते त्याची भूक काउंटरवर भागते, आणि ताट चांगले झाले तर काउंटरची विक्री घटते. पुरवठादाराचा हेतू कसाही असो, अशी रचना मुलांच्या हिताची असू शकत नाही. चौथीच्या मुलांना पैसे आणू देत नाहीत, तरी वरच्या वर्गातील मुले आणतात, आणि लहान मुले ते पाहतात. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये संलग्न शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे साखर किती खावी आणि कशात किती असते हे सांगणारा फलक, लावण्यास सांगितले. चार ते दहा वर्षांच्या मुलांच्या रोजच्या ऊर्जेतील १३ टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या १५ टक्के ऊर्जा साखरेतून येते, ती पाच टक्के असायला हवी, असे त्या परिपत्रकात म्हटले आहे. आमच्या शाळेने तो फलक सुंदर अक्षरांत केला आहे आणि तो जिन्याजवळ, काउंटरपासून काही पावलांवर लावला आहे. नऊ वर्षांच्या मुलीची रोजची गरज सुमारे १७०० किलोकॅलरी धरली तर पाच टक्के म्हणजे साधारण एकवीस ग्रॅम साखर होते. थंड पेयाच्या अडीचशे मिलिलिटरच्या एका बाटलीत त्याहून अधिक असते. काउंटर बंद केल्याशिवाय त्या फलकाने मुलांच्या खाण्यात काही फरक पडणार नाही.

पुरवठादाराकडे वाढदिवसाचे एक पॅकेजही आहे: वर्गातील प्रत्येक मुलाला केक, वेफर्स आणि गोड पेयाची बाटली. आपल्याच गुजरातमध्ये सरकारी शाळांतून ‘तिथी भोजन’ रूढ झाले, ज्यात एखादे कुटुंब आनंदाच्या दिवशी शाळेतील मुलांना जेवणात काही पौष्टिक भर घालते, आणि पीएम पोषणने ती प्रथा देशभर स्वीकारली. वाढदिवसाच्या पॅकेजात फळे, सुखडी (गव्हाचे पीठ, तूप व गूळ यांची वडी), शेंगदाण्याची चिक्की किंवा मसाला दूध ठेवायला काहीच अडचण नाही. चार घरांनी मागितले की पुरवठादार देईल, कारण तो मागणी पाहून चालतो. आणि ही मागणी मात्र पूर्णपणे आम्हा पालकांच्या हाती आहे. सकाळच्या नास्त्याच्या डब्याचेही तेच. पुष्कळ डब्यांत पाकिटातील केक आणि बिस्किटे असतात हे मी वर्गात पाहिले आहे, आणि घरून असा डबा देऊन दुपारच्या दाळीतील गुळाविषयी शाळेशी वाद घालता येत नाही. थेपला, शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी, उकडलेले शेंगदाणे किंवा पोहे एवढ्यासाठी पहाटे फार लवकर उठावे लागत नाही.

ऑगस्टमधील पालकसभेत आम्ही काही जणांनी हे सर्व लेखी मांडले. शाळेने ऐकून घेतले, आणि त्याचे श्रेय शाळेला द्यायलाच हवे. दाळीतील गूळ कमी झाला. पहिल्या आठवड्यात दाळ बरीच न खाता परत आली, नंतर मुलांना सवय झाली असे वाढणाऱ्या मावशींनी सांगितले. कचुंबरासोबत लिंबाची फोड येऊ लागली. आठवड्यातून एकदा पालक किंवा मेथी घातलेली दाळ सुरू झाली, जी निवडण्या-धुण्याच्या कामाचा विचार करता दोन्ही बाजूंना झेपणारी तडजोड आहे. मैदान आधी आणि जेवण नंतर हा बदल वेळापत्रकामुळे या वर्षी शक्य नाही असे उत्तर मिळाले. प्रत्येक पदार्थाचे प्रमाण ग्रॅममध्ये लिहून देण्यास पुरवठादार तयार नाही. काउंटरविषयी निर्णय व्यवस्थापनाकडे आहे असे सांगण्यात आले आणि तो अजून झालेला नाही.

मेन्यू तपासून घेण्यासाठी महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अन्न व पोषण विभागाची मदत घ्यावी, असे मी सुचवले आहे. आपल्या शहरात मुलांच्या पोषणावर दीर्घकाळ काम करणारा इतका जाणता विभाग असताना मेन्यू मुलांच्या आवडीवर आणि पुरवठादाराच्या सोयीवर सोडण्याचे कारण नाही. शिक्षकांवर मात्र याचा भार टाकू नये असे मला वाटते. चाळीस मुलांच्या वर्गाला शिकवून दमलेल्या बाईंनी दुपारी ताटेही तपासावीत ही अपेक्षा अन्यायाची आहे. शाळेने त्यासाठी एक पगारी माणूस नेमावा आणि गरज पडल्यास आमच्याकडून महिन्याला पन्नास रुपये अधिक घ्यावेत.

पाचपैकी गुण द्यायचे तर स्वच्छतेला पाच, चवीला साडेतीन, पोषणाला ऑगस्टपूर्वी दोन व आता तीन, आणि उत्तरदायित्वाला एक. ज्यांच्या घरी सकाळी डबा करणे शक्यच नाही त्यांनी ही सेवा घ्यायला हरकत नाही. पाकिटातील खाऊ किंवा दुपारपर्यंत शिळावलेला डबा यांपेक्षा ती निश्चित चांगली आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी मी सध्या ती सुचवणार नाही, कारण चिवट रोटली आणि अपुरा वेळ यांमुळे ती मुले उपाशीच राहतात. त्यांना घरची मऊ पोळी डब्यात देणे बरे. इतर शाळांतील पालकांनी अशा सेवेसाठी सही करण्यापूर्वी ताटातील डाळ व भाजीचे प्रमाण करारात लिहून घ्यावे, तक्रार स्वीकारणाऱ्या व्यक्तीचे पद आणि उत्तराची मुदत विचारून घ्यावी, आणि काउंटर कोणाचा आहे हे आधी पाहावे.

दुसरे सत्र दिवाळीच्या सुट्टीनंतर सुरू होते आणि त्याची नोंदणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आहे. आम्ही नाव पुन्हा नोंदवणार आहोत. नोंदणीच्या अर्जासोबत आमच्या वर्गातील पालकांचे एक पत्र जाईल, ज्यात काउंटर बंद करण्याची आणि प्रमाण लेखी देण्याची मागणी आहे, व त्यावर व्यवस्थापनाने पदनामासह सही करून उत्तर द्यावे अशी विनंती आहे. उत्तर आले की याच अभिप्रायात त्याची भर घालेन.